गाजर गवत

मुलांनो, उल्हासनगरच्या कॅम्प नं. ३ मध्ये पाऊस सुरू झाला, की रेल्वेरुळांच्या कडेला, वालधुनी नदीच्या काठी, पाडलेल्या घरांच्या ढिगाऱ्यांवर हिरवी रोपे उगवतात. त्यांची पाने गाजराच्या पानांसारखी कातरलेली असतात. महिना-दीड महिन्यात त्यांवर बारीक पांढरी फुले येतात. हेच गाजर गवत. तुमच्या घरी त्याला 'गाजर घास' म्हणत असतील. गंमत अशी, की हे गवत नाही आणि त्याला गाजरेही येत नाहीत! ही वनस्पती सूर्यफुलाच्या कुळातली आहे.

तिचे मूळ घर मेक्सिकोच्या बाजूला. आपल्याकडे १९५५ साली पुण्यात कचऱ्याच्या ढिगाऱ्यांवर ती लोकांच्या लक्षात आली. परदेशातून आणलेल्या गव्हात तिचे बी मिसळून आले, असे मानतात. पुढे ती देशभर पसरली. कशी पसरली? एका मोठ्या रोपाला पंधरा ते पंचवीस हजार बिया येऊ शकतात. बी अगदी हलके असते. ते वाऱ्याने उडते, पाण्याबरोबर वाहते, रेतीच्या ट्रकमधूनही प्रवास करते. आपल्या शहरात तर बांधकाम कायम चालू! मग या पाहुण्याला जागेची काय कमतरता?

गुरे हे गवत सहसा खात नाहीत. खाल्लेच, तर दूध कडवट होते. त्याच्या मुळांतून आणि पानांतून जमिनीत असे रस उतरतात, की शेजारच्या पिकाचे बी नीट रुजत नाही. अंबरनाथ-बदलापूरकडे भाताच्या खाचरात पाणी साचते, तेथे त्याचे फारसे चालत नाही. बांधावर आणि पडीक जमिनीवर मात्र ते माजते.

माणसांनाही त्याचा त्रास होतो. अंगाला खाज सुटते, पुरळ उठते. परागकण नाकात गेले, तर शिंका येतात, काहींना दमा होतो. हा त्रास सर्वांना होत नाही. ज्याला होतो, त्यालाही तो पहिल्या दिवशीच होतो असे नाही. पुन्हापुन्हा स्पर्श झाला, की मग थोडासा स्पर्शही पुरतो. म्हणून "मला काही होत नाही" असे म्हणत उघड्या हातांनी रोपे उपटणाऱ्या मित्राला थांबवा. हातमोजे घालावेत, नाकावर रुमाल बांधावा. जमीन ओली असताना आणि फुले येण्यापूर्वी रोप मुळासकट उपटावे. अशा कोवळ्या रोपांचे चांगले कंपोस्ट खत होते. बी धरलेले रोप मात्र खतात टाकू नये.

मोकळ्या जागेत टाकळ्याचे बी टाकले, तर टाकळा दाट वाढून या गवताला दाबतो. हा तोच टाकळा, ज्याच्या कोवळ्या पानांची भाजी पावसाळ्यात आपल्याकडे करतात.

या गवताला एक शत्रूही आहे. १९८३ साली शास्त्रज्ञांनी मेक्सिकोहून एक भुंगेरा बंगळूरला आणला आणि नीट तपासून सोडला. पांढरट पाठीवर काळपट रेघा असलेला हा लहानसा किडा गाजर गवताची पाने खातो. तो दिसला, तर मारू नका. पाऊस संपला, की तो मातीत शिरून पडून राहतो आणि पुढच्या पावसात पुन्हा वर येतो.