पन्हाळगड : अभ्यास-सहलीचा एक पाठ

प्राथमिक शाळेच्या वरच्या वर्गांत शिवचरित्र शिकविताना पन्हाळगडाच्या वेढ्याचा प्रसंग येतोच. विद्यार्थी तो आवडीने ऐकतात. परंतु गड म्हणजे नेमके काय, याची कल्पना केवळ पुस्तकावरून येत नाही. कोल्हापूरच्या वायव्येस सुमारे वीस किलोमीटरांवर असलेला पन्हाळा पाहिला म्हणजे ही उणीव भरून निघते. येथे गड आणि गाव एकाच तटाच्या आत नांदतात. सन २०११च्या शिरगणतीत जेमतेम तीन हजार वस्ती असलेल्या या गावाला स्वतःची नगरपरिषद आहे. थंड हवा, दाट झाडी आणि तटावरून दिसणाऱ्या दऱ्या यांमुळे लोक येथे विश्रांतीसाठी येतात. शाळेची सहल मात्र त्याहून अधिक काही मिळविण्यासाठी असावी.

पूर्वतयारी

सहलीपूर्वी दोन तासिका इतिहासाला द्याव्यात. बाराव्या शतकाच्या अखेरीस शिलाहार राजा दुसरा भोज याने हा गड वसविला. पुढे तो यादव, बहमनी आणि आदिलशाही सत्तांकडे गेला. सन १६५९च्या नोव्हेंबरात, अफझलखानाच्या वधानंतर थोड्याच दिवसांत, शिवाजी महाराजांनी तो घेतला. १६६०च्या मार्चच्या सुमारास सिद्दी जौहरने गडास वेढा घातला, तो भर पावसाळ्यातही उठला नाही. अखेर जुलै महिन्यातील एका रात्री महाराज निवडक लोकांसह विशाळगडाकडे निसटले. महाराजांचा वेश धारण करणारा शिवा काशीद आणि घोडखिंड रोखून धरणारे बाजीप्रभू देशपांडे यांनी त्या वेळी प्राण वेचले.

कथा येथेच संपवू नये. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात पन्हाळा तहाने आदिलशहाच्या स्वाधीन करावा लागला. तो परत मिळण्यास १६७३ साल उजाडले. तेव्हा कोंडाजी फर्जंद याने सुमारे साठ माणसांनिशी रात्री छापा घालून गड जिंकला. गेलेला गड तेरा वर्षांनी परत आला, ही गोष्ट विद्यार्थ्यांस अवश्य कळावी. यशाच्या गोष्टींतून अपयश गाळले, तर चिकाटीचे मोल समजत नाही.

गडावर काय पाहावे

विद्यार्थ्यांपुढे प्रारंभीच एक प्रश्न ठेवावा : चार महिन्यांहून अधिक काळ वेढ्यात सापडलेली शिबंदी काय खाऊन आणि काय पिऊन राहिली? याचे उत्तर त्यांनी गडावरच शोधावयाचे आहे.

पहिले उत्तर अंबारखान्यात मिळते. गंगा, यमुना आणि सरस्वती अशा येथे तीन कोठ्या आहेत. सर्वांत मोठ्या गंगा कोठीत २५,००० खंडी धान्य मावे, असे परंपरेने सांगितले जाते. जाड भिंतींवर कमानदार छत असून धान्य वरून ओतण्यासाठी छतात चौकोनी झरोके ठेवले आहेत. विद्यार्थ्यांनी कोठीची लांबी व रुंदी पावलांनी मोजून वहीत नोंदवावी.

दुसरे उत्तर पाण्याचे. पन्हाळ्याचा माथा जांभ्या दगडाचा असून त्याखाली काळा पाषाण आहे. जांभा सच्छिद्र असल्याने पावसाचे पाणी त्यात मुरते आणि खालच्या घट्ट थरापाशी अडून झऱ्यांच्या रूपाने बाहेर येते. नागझरी, सोमाळे तलाव व सादोबा तलाव पाहताना ही भूगोलाची गोष्ट सहज पटवून देता येते. तीन दरवाजाजवळची अंधार बाव तीन मजल्यांची आहे : तळाशी पाणी, आणि त्यावर पहाऱ्यास बसता येईल अशी जागा. पाण्यावरही पहारा का लागे, हे विद्यार्थ्यांकडूनच वदवून घ्यावे.

तीन दरवाजाच्या एकामागून एक कमानी, पूर्वेच्या कड्यावरील सज्जा कोठी, आणि महाराज ज्या वाटेने निसटले असे मानले जाते ती राजदिंडी, ही स्थळेही दाखवावीत. पश्चिमेकडे मसाई पठार दिसते. विशाळगडाची वाट तिकडूनच जाते. चिखलातून, अंधारातून ती वाट तुडविणे म्हणजे काय, हे तटावर उभे राहिल्यावर वेगळे सांगावे लागत नाही. कवी मोरोपंत यांचा जन्म १७२९ साली याच गावी झाला, हे भाषेच्या तासासाठी लक्षात ठेवावे. पराशर ऋषींच्या नावाने ओळखली जाणारी गुहा दाखविताना मात्र आख्यायिका कोणती आणि लेखी पुरावा कोणता, हा भेद स्पष्ट करावा.

दक्षता

तट अनेक ठिकाणी खोल कड्याच्या काठावर आहे. विद्यार्थ्यांचे लहान गट करून प्रत्येक गटाबरोबर एक शिक्षक असावा, आणि पावसाळ्यात शेवाळलेल्या दगडांवर कोणासही चढू देऊ नये. भिंतीवर नाव कोरणे हा गडाचा अपमान होय. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. पन्हाळा त्यांपैकी एक आहे. तथापि सन्मानपत्राने दगड टिकत नाहीत. ते पाहणाऱ्याच्या हातांवर अवलंबून असतात. १८४४च्या उठावानंतर इंग्रजांनी येथील चार दरवाजा पाडला, तो पुन्हा उभा राहिला नाही. जे पडते ते परत येत नाही, एवढी एक गोष्ट विद्यार्थी घरी घेऊन गेले, तरी सहल सार्थकी लागली असे समजावे.

स्वाध्याय

१. एक खंडी म्हणजे वीस मण. तर २५,००० खंडी म्हणजे किती मण?
२. गडाच्या माथ्यावर पाणी कसे टिकते, ते आकृती काढून दाखवा.
३. धान्य, पाणी, तट आणि माणसे यांपैकी एक गोष्ट नसती, तर वेढ्यात काय झाले असते? दहा ओळी लिहा.
४. आपल्या गावातील एखाद्या जुन्या वास्तूची माहिती वडीलधाऱ्यांस विचारून लिहा. त्यांत ऐकीव काय आणि पुराव्याचे काय, ते वेगळे मांडा.