आज्ञेचा शब्द आणि बोलण्याचा शब्द

"निपाणी तंबाखूच्या व्यापारासाठी प्रसिद्ध आहे" आणि "निपाणी हा तीन अक्षरांचा शब्द आहे" ही दोन वाक्ये शेजारी ठेवून पाहा. पहिल्यात गावाविषयी सांगितले आहे, दुसऱ्यात शब्दाविषयी. बोलताना हा भेद संदर्भाने कळतो. शास्त्रीय लेखनात तेवढ्यावर भागत नाही. म्हणूनच पाणिनीने अष्टाध्यायीच्या पहिल्याच अध्यायात असा संकेत घालून दिला की, व्याकरणाच्या नियमात आलेला शब्द, पारिभाषिक संज्ञा वगळता, आपला अर्थ न दाखविता आपले रूपच दाखवितो.

हाच प्रश्न संगणकाच्या अभ्यासात नित्य उभा राहतो. संगणकाला दिलेल्या सूचनांच्या मालिकेस आज्ञावली म्हणतात. ती कशी लिहावी हे समजाविणाऱ्या टिपणांत दोन जातींचे शब्द असतात : काही वाचून समजून घेण्याचे, तर काही जसेच्या तसे कळफलकावर उतरविण्याचे. दुसऱ्या जातीच्या शब्दांत अक्षराचाही फरक चालत नाही. आपल्याच भागातील दाखला घ्या. बेळगावचे सरकारी इंग्रजी नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून 'बेळगावी' झाले; निपाणीचे नाव रोमन लिपीत कोठे एक, तर कोठे दोन 'पी' घालून लिहितात. आपणांस ही गावे तीच. परंतु केवळ अक्षरे जुळवून पाहणाऱ्या संगणकास ती निरनिराळी वाटतात.

मराठीत या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. आपल्या भाषेत विभक्तीचा प्रत्यय नामास चिकटतो आणि पुष्कळदा नामाचे रूपही बदलतो. पायथन ही गीडो व्हान रॉसम यांची संगणकभाषा १९९१ साली प्रथम प्रसिद्ध झाली. २००८ साली आलेल्या तिच्या तिसऱ्या आवृत्तीपासून चलाचे, म्हणजे मूल्य साठविण्याच्या जागेचे, नाव देवनागरीतही देता येते. आता एका चलास `नाव` असे म्हटले आणि टिपणात लिहिले, "नावात विद्यार्थ्याचे नाव साठवा." यातील चल कोणता आणि साधा शब्द कोणता? शिवाय 'नाव' या शब्दाचे सामान्यरूप 'नावा' झाले आहे. नवखा विद्यार्थी `नावा` असे लिहून पुढे जातो आणि असे नाव ठाऊक नाही म्हणून संगणक अडून बसतो. तेच वाक्य "`नाव` या चलात विद्यार्थ्याचे नाव साठवा" असे लिहिले की घोटाळा उरत नाही.

यावरून काही नियम ठरविता येतात. पहिला, जसाच्या तसा उतरविण्याचा शब्द टिपणात सर्वत्र एकाच खुणेने दाखवावा. इंग्रजी पुस्तकांत यासाठी टंकलेखन यंत्रासारखा, प्रत्येक अक्षरास सारखी जागा देणारा ठसा वापरतात. देवनागरीत 'र' आणि 'क्ष' यांची रुंदी सारखी करणे अवघड; म्हणून आम्ही येथे मार्कडाउन या २००४ सालच्या लेखनपद्धतीतील तिरपी खूण वापरली आहे. वहीत शब्दाभोवती चौकट काढली तरी चालेल.

दुसरा, यासाठी अवतरणचिन्हे वापरू नयेत. पायथनमध्ये ती आज्ञेचाच भाग असू शकतात. शिवाय छपाईतील वळणदार अवतरणे उतरविली तर संगणक ती स्वीकारीत नाही.

तिसरा, प्रत्यय आणि पूर्णविराम खुणेच्या बाहेर ठेवावे. शब्दास प्रत्यय लावण्याऐवजी 'ही आज्ञा', 'या चलात', 'या धारिकेचे' अशी जोड द्यावी, म्हणजे मूळ रूप अभंग राहते.

चौथा, तीच खूण जोर देण्यासाठी वापरू नये. नाहीतर कोणता शब्द उतरवावा हे वाचकास कळणार नाही.

आपल्या सीमाभागात मराठी, कानडी आणि इंग्रजी या तिन्ही भाषा एकाच घरात, एकाच दप्तरात नांदतात. कानडीतही प्रत्यय नामास चिकटतात, म्हणून हे नियम त्या भाषेतील टिपणांसही उपयोगी पडतील. मराठी टिपण वाचून आज्ञावली चालली नाही, की विद्यार्थी स्वतःस मंद समजतो, अथवा संगणकाचे शास्त्र मातृभाषेत शिकणे शक्यच नाही असे म्हणतो. आमच्या मते हे दोन्ही निष्कर्ष घाईचे आहेत. पुष्कळदा उणीव असते ती एका लहानशा खुणेची.

तेव्हा प्रयोगशाळेचे पुढील टिपण लिहून झाले, की ते खालच्या वर्गातील एखाद्या मुलाच्या हाती द्यावे आणि काही न सांगता त्याला आज्ञावली उतरवू द्यावी. तो जेथे अडखळेल, तेथे आधी आपले लेखन तपासावे.