मोबाइलमधला चेहरा, उन्हातली छपाई : पाचवीच्या वर्गातला एक पाठ



'माझे चित्र' हा विषय आपण दरवर्षी घेतो. मुलं एक गोल काढतात, दोन डोळे, हसरा ओठ, की झालं! यंदा मी तो फोटोतून घ्यायचा ठरवला. फोटो मोबाइलवर काढायचा, त्यावर थोडं काम करायचं आणि मग अंधाऱ्या खोलीत तयार केलेल्या कागदावर स्वतःच्या हाताने छापायचा.

लाल दिवा, एनलार्जर असलेली खरी डार्करूम आपल्याला कुठून परवडणार? पण सायनोटाइप जमतं. ही पद्धत १८४२ साली जॉन हर्शेल यांनी शोधली. पुढच्याच वर्षी ॲना ॲटकिन्स यांनी समुद्रशैवालांचे ठसे याच पद्धतीने घेऊन त्यांचं पुस्तक काढायला सुरुवात केली. इमारतीच्या आराखड्याला आपण 'ब्लूप्रिंट' म्हणतो, तेही या निळ्या छपाईमुळेच.

रसायनं दोनच : फेरिक अमोनियम सायट्रेट २५ ग्रॅम आणि पोटॅशियम फेरिसायनाइड १० ग्रॅम. प्रत्येकी १०० मिली पाण्यात वेगवेगळी विरघळवायची आणि वापरताना समान भाग एकत्र करायची. हे काम शिक्षकांनीच हातमोजे घालून करावं. भांडी स्वयंपाकाची नकोत आणि फेरिसायनाइडजवळ कुठलंही ॲसिड नको. जाड चित्रकलेच्या कागदावर रुंद ब्रशने एक हात द्यायचा. आम्ही सामानाच्या खोलीला काळं कापड लावून जुन्या पिवळ्या बल्बच्या उजेडात कागद वाळवले. पहिल्या खेपेला मी ते व्हरांड्यात, 'सावलीच तर आहे' म्हणून वाळत घातले होते. सगळे निळे पडले. सावलीतही अतिनील किरण असतात, हे पुस्तकात वाचलेलं त्या दिवशी पटलं.

आता मोबाइलचं काम. फोटो काळा-पांढरा करायचा, कॉन्ट्रास्ट थोडा वाढवायचा आणि मग 'इन्व्हर्ट' करायचा. पांढरे केस आणि काळे दात पाहून वर्गात जो गोंधळ झाला, तो विचारू नका! छापण्याआधी फोटो आडवा उलटा करून घ्या, म्हणजे शाईची बाजू कागदाला टेकवली तरी चेहरा सुलटा येतो. ओएचपी शीटवर लेझर प्रिंट काढली तर काळा रंग बऱ्याचदा विरळ येतो. त्यासाठी दोन सारख्या शीट नीट जुळवून एकमेकींवर चिकटवल्या, तेव्हा जमलं.

निगेटिव्हवर मुलांनी हवी ती खरी वस्तू ठेवायची होती. पिंपळाचं जाळीदार पान सगळ्यांत छान आलं. शिरा ऊन अडवतात, त्यामुळे निळ्या चेहऱ्यावर पांढरी जाळी उमटते. वर काच ठेवून उन्हात. किती वेळ, ते मुलांनीच शोधलं. एका पट्टीवर पुठ्ठा ठेवून तो दर दोन मिनिटांनी सरकवत गेलो. आमच्याकडे कडक उन्हात दहा मिनिटं पुरली. नंतर पिवळेपणा निघून जाईपर्यंत साध्या पाण्यात धुवायचं. पाण्यात चेहरा हळूहळू वर येतो तेव्हा वर्ग एकदम शांत होतो.

खरं सांगायचं ते पुढेच. एका मुलीने आपल्या फोटोला आधीच 'गोरं करणारा' फिल्टर लावून आणला होता. 'मॅडम, हाच घ्या, साधा नको.' घरी रंगावरून काय बोललं जातं ते मला थोडंफार ठाऊक होतं, म्हणून मी काही बोलले नाही. घेतला. धुतल्यावर कागदावर केस, दोन भुवया, ओठांची रेघ आणि मधे नुसता कोरा कागद. नाक नाही, गाल नाही.

ती हिरमुसली. मग आम्ही सगळ्यांनी निगेटिव्ह खिडकीसमोर धरून पाहिलं. फोटोत जिथे चेहरा पांढराफटक, तिथे निगेटिव्ह काळीकुट्ट. ऊन आत शिरलंच नाही, मग निळं होणार कसं? नाकाचा उंचवटा आणि गालाचा गोलवा सावलीमुळे दिसतो, आणि फिल्टरने सावलीच पुसली होती. (फोटोत रंगसफाई करणं नवं नाही. जुन्या स्टुडिओत निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवून चेहऱ्यावरचे डाग घालवत. पण ते डाग होते, चेहरा नव्हता.)

दुसऱ्या दिवशी तिला दाराशी बसवून एका बाजूच्या उजेडात साधा फोटो काढला. छापून झाल्यावर दोन्ही कागद दोरीवर शेजारी वाळत घातले. मी विचारलं नाही, पण मधल्या सुट्टीत ती दोनदा येऊन पाहून गेली. शनिवारी तिने आजीचा क्रोशाचा रुमाल आणला. 'मॅडम, परवाच्या फोटोवर हा ठेवून अजून एक करू?'

करून पाहणार असाल तर दोन गोष्टी : मुलांच्या फोटोसाठी पालकांची लेखी परवानगी आधी घ्या आणि काम झालं की मोबाइलमधून फोटो काढून टाका. आणि हो, छापलेला कागद साबणाच्या पाण्यात धुऊ नका, निळा रंग उडतो. आमच्या एकाने स्वच्छ व्हावा म्हणून तेवढंच केलं.