शर्यत नाही, तर मग साडेतेरा तासांचं बंधन कशाला?

प्रश्न : माझा मित्र या हिवाळ्यात २०० किलोमीटरच्या सायकल बीआरएममध्ये, म्हणजे ठरलेल्या वेळेत लांब पल्ला गाठण्याच्या राइडमध्ये, उतरणार आहे. तो म्हणतो, ही शर्यत नव्हे, पहिला-दुसरा नंबर काढत नाहीत; पण साडेतेरा तासांत पोचलं नाही तर ती राइड धरत नाहीत. शर्यत नाही, तर वेळेचं बंधन कशाला? आणि नेमके साडेतेराच तास का? माझ्याकडे साधी सायकल आहे. मला हे जमेल का?
– एक वाचक, पारोळा

उत्तर : साडेतेरा तासांमागे ताशी १५ किलोमीटरचा हिशेब आहे. २०० किलोमीटरला त्या वेगाने १३ तास २० मिनिटं लागतात. नियमात ती वेळ १३ तास ३० मिनिटं धरली आहे. ३०० किलोमीटरला २० तास, ४०० ला २७ आणि ६०० ला ४० तास मिळतात. हा वेग प्रत्यक्ष सायकल चालवण्याचा नाही. चहा, जेवण, पंक्चर, झाडाखालची विश्रांती हे सगळं धरून पडणारी ती सरासरी आहे.

फार लवकर पोचलं तरी चालत नाही. २०० किलोमीटरचं शेवटचं नियंत्रण केंद्र, म्हणजे पोचल्याची नोंद करण्याची जागा, ताशी ३४ किलोमीटरच्या हिशेबाने, म्हणजे निघाल्यापासून ५ तास ५३ मिनिटांनी उघडतं. त्याआधी आलेल्याला थांबावंच लागतं. दोन्ही बाजूंनी वेळ बांधलेली असली की जिंकण्याचा प्रश्न उरत नाही. सहा तासांत आलेला आणि तेरा तासांत आलेला, दोघांची नोंद सारखीच होते.

या प्रकाराचं मूळ युरोपात आहे. १८९७ साली इटलीत काही सायकलस्वारांनी रोम ते नेपल्स हे सुमारे २३० किलोमीटरचं अंतर सूर्योदय ते सूर्यास्त एवढ्या वेळात पार केलं. तूर द फ्रान्स सुरू करणाऱ्या आँरी देग्रांज यांनी १९०४ मध्ये ही कल्पना फ्रान्समध्ये आणली. तेव्हा सगळा जथा एका म्होरक्यामागे ठरलेल्या वेगाने एकत्र चालत असे. १९२१ पासून ऑडॅक्स क्लब पॅरिझियां या संस्थेने प्रत्येकाने आपापल्या वेगाने जायचा प्रकार सुरू केला. आजची बीआरएम ती हीच. आपल्याकडे ऑडॅक्स इंडियाच्या वतीने ठिकठिकाणचे क्लब ती भरवतात. एका वर्षात २००, ३००, ४०० आणि ६०० पूर्ण करणारा ‘सुपर रँडोनियर’ ठरतो.

आपल्या नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये अमेरिका आडवी पार करणारी रेस अक्रॉस अमेरिका पूर्ण केली, ती मात्र खरीखुरी शर्यत. तिथे जोडीने उतरलेले आळीपाळीने सायकल चालवतात आणि मदतीची गाडी मागोमाग असते. बीआरएममध्ये मागून गाडी चालत नाही. पंक्चर स्वतः काढायचं, खाणं-पाणी स्वतः बघायचं.

आता हे आपल्या रस्त्यावर मांडून पाहा. जळगावहून निघालं की बांभोरीला गिरणा ओलांडायची, मग एरंडोल, पुढे तुमचं पारोळा, फागणे आणि धुळे. जाऊन-येऊन हे अंतर २०० च्या जवळपास भरतं. सायकल ताशी २० ने चालवली तर प्रत्यक्ष पायडल मारण्यात १० तास जातात आणि थांबायला साडेतीन तास हाताशी राहतात. १८ ने चालवली तर जेमतेम अडीच तास, १६ ने चालवली तर एकच तास. म्हणून अनुभवी माणूस वेग वाढवण्यापेक्षा थांबे आवरतो. पाच ठिकाणी वीस-वीस मिनिटं जास्त रेंगाळलं की पावणेदोन तास कधी गेले, कळत नाही.

खानदेशात दुसरा हिशेब वाऱ्याचा. उन्हाळ्याच्या अखेरीपासून पावसाळाभर पश्चिमेचा वारा किती जोराचा असतो, हे साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर उभ्या असलेल्या पवनचक्क्या सांगतात. तुम्ही ताशी २० ने चालला आहात आणि समोरून १० चा वारा आहे, तर अंगावर येणारा हवेचा रोध सव्वादोन पट होतो. समूहाचा खरा उपयोग इथे आहे. पुढच्या सायकलच्या मागे, सुरक्षित अंतर ठेवून चालणाऱ्याला हवेचा मार बराच कमी बसतो. चार-पाच जणांनी काही मिनिटांनी आळीपाळीने पुढे यावं, म्हणजे कोणी एकटा थकत नाही. खड्डा, काच, थांबणं हे पुढच्याने हाताने आणि तोंडाने मागे कळवायचंच. मागच्याला रस्ता दिसत नसतो. महामार्गावर ट्रक-ट्रेलर सतत चालू असतात, तिथे गप्पा मारत जोडीने चालू नये. एकामागे एकच चालावं.

डिसेंबरात सकाळी सहाला निघालं तर मुदत संध्याकाळी साडेसातला संपते. सूर्य त्याआधी दीड तास मावळलेला असतो. म्हणून हेल्मेट, पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा, अंगात चमकणारं जॅकेट या गोष्टींवर तडजोड करू नका.

खाण्याची सोय आपल्याकडे उत्तम आहे. लांब पल्ल्यावर शरीराला ताशी ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं लागतात. मध्यम आकाराच्या एका केळ्यात सुमारे २५ ग्रॅम मिळतात. तासाला एक-दोन केळी, घोटाघोटाने पाणी आणि त्यात चिमूटभर मीठ-साखर, एवढ्यावर दिवस निघतो. भूक लागायच्या आधी खा. ढाब्यावरची झणझणीत शेवभाजी मात्र राइड संपल्यावर. भर वाटेत ती पोटाला सोसत नाही.

साध्या सायकलला मनाई नाही. ब्रेक, टायर, साखळी ठणठणीत हवी आणि सीटची उंची तुमच्या पायाला बेताची हवी. महागड्या सायकलीपेक्षा याचा उपयोग जास्त होतो. हृदयविकार, रक्तदाब किंवा मधुमेह असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

तेव्हा तुम्हाला जमेल का, याचं उत्तर : हो, पण पुढच्या रविवारी नाही. पारोळा ते धुळे आणि परत हे सत्तर-पाऊणशे किलोमीटर होतात. आधी तेवढं आरामात जमू द्या. मग दोन-तीन आठवड्यांनी शंभरी गाठा, त्यानंतर दीडशे. दीडशे करून दुसऱ्या दिवशी कामावर जाता आलं, तर २०० साठी नाव नोंदवा. आणि मित्राबरोबरच निघा.