कंबरेच्या मणक्यांचा अस्थिभंग आणि त्यानंतरची शुश्रूषा

आंब्यानारळाच्या झाडावरून पडलेले, बांधकामाच्या परांचीवरून कोसळलेले, रस्त्यावर अपघातग्रस्त झालेले अनेक रुग्ण कंबरेचा मणका मोडून रुग्णालयात येतात. उंचावरून पडून टाच मोडली असेल, तर डॉक्टर कंबरेचाही एक्स-रे काढतात. आघात पायांतून थेट कण्यापर्यंत पोहोचतो. वृद्ध स्त्रियांची हाडे ठिसूळ झालेली असल्याने न्हाणीघरात घसरण्याचे निमित्तही पुरते. ‘वयोमानाचे दुखणे’ म्हणून ते अंगावर काढले जाते, हे खेदाचे आहे.

कंबरेत ५ मणके असतात. प्रौढांत मज्जारज्जू साधारणतः त्यांतील पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो; खाली केवळ मज्जातंतूंचा जुडगा उरतो. या तंतूंना सावरण्याची संधी मज्जारज्जूपेक्षा अधिक असते. पुष्कळांचा मणका नुसता दबतो आणि ते शस्त्रक्रियेविना बरे होतात. मात्र पायांतील बळ, जांघेतील संवेदना वा लघवी-शौचावरील ताबा गेल्यास क्षणाचाही विलंब करू नये. जखमीला हातपाय धरून उचलू नये. अंग पिळू न देता फळीवरून आणावे.

‘चालता येईल ना?’ हा नातेवाइकांचा पहिला प्रश्न स्वाभाविकच. परंतु पाय लुळे पडलेल्या रुग्णाच्या जिवावर बेततात ते शय्याव्रण आणि मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग. संवेदनाच नसल्याने कातडी सोलवटल्याचे त्याला कळत नाही. डॉ. लुडविग गटमन यांनी १९४४ मध्ये इंग्लंडमधील स्टोक मँडव्हिल येथे कण्याच्या जखमींसाठी विभाग सुरू केला, तेव्हा दर २ तासांनी, रात्रीसुद्धा, कूस बदलण्याची शिस्त लावली. तोपर्यंत बहुतेक रुग्ण फार काळ जगत नसत.

प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा; त्यामुळे हिशेब मांडल्यावाचून राहवत नाही. दर २ तासांनी म्हणजे दिवसाला १२ वेळा, महिन्याला ३६० वेळा. हवेची गादी असली तरी हे चुकत नाही. शस्त्रक्रियेसाठी दाते उदारहस्ते पुढे येतात. गादी, लघवीच्या नळ्या, चाकाची खुर्ची, रात्रपाळीची आया यांसाठी देणगी मागताना मात्र आम्हांसच संकोच वाटतो. घरी गेल्यावर ते ३६० वेळांचे काम बहुधा पत्नीच्या वा आईच्या वाट्याला येते. म्हणून रुग्णास घरी पाठवण्यापूर्वी तिने परिचारिकेसमोर ते स्वतः करून दाखवावे, असा आमचा आग्रह असतो.