विंचू चावला तर : घरोघरी माहीत असाव्यात अशा गोष्टी



विंचू हा किडा नव्हे; तो कोळ्याचा भाऊबंद, पाय आठ. दिवसा तो जळणात, गोवऱ्यांत, विटा-दगडांखाली दडतो आणि रात्री किडे धरायला बाहेर पडतो. आपण नकळत हात घालतो किंवा पायताण चढवतो, तेव्हा नांगी मारतो.

मोठा काळा विंचू पाहून आपण दचकतो. पण जास्त घातक तो लहानसा तांबूस विंचू. त्याच्या विषाने हृदयावर ताण येतो. दरदरून घाम, उलटी, लाळ, गार हातपाय, मग धाप लागते. फुप्फुसांत पाणी साठते. "फार दुखत नाही, मग काय व्हायचंय?" असे म्हणू नका. कळ कमी पण घाम जास्त, तर धोका मोठा. लहान पोरांना तर अधिकच.

महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी यावर प्राझोसिन हे रक्तदाबाचे औषध वापरले व १९८६ साली 'लॅन्सेट'मध्ये तो अनुभव मांडला. विंचवाच्या विषावरची लसही आहे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात दोन्ही मिळून दिल्यावर रोगी लवकर सुधारले. मात्र औषध वेळेत मिळाले पाहिजे. मंत्र, चिरा, आवळपट्टी यांत वेळ दवडू नका. थेट दवाखाना गाठा.

झोपताना अंथरूण झटका, पायताण आपटून घाला, जळण भिंतीपासून दूर रचा. तोडणीवाल्यांच्या खोपीवरही हे सांगा. त्यांची लेकरं भुईवरच निजतात.