ग्लायडरचे पाय, इंजिनाचे हात

हडपसरला ग्लायडिंग शिकून आलेला विद्यार्थी विमानात बसला की त्याचे पायच ओळख देतात. वळण घेताना स्टिकबरोबर रडर आपसूक दाबला जातो. ग्लायडरचे पंख लांब असतात. रडर विसरलात तर नाक उलट्या बाजूला सरकतं आणि काचेवर चिकटवलेला लोकरीचा धागा लगेच चुगली करतो. शिवाय ग्लायडर वर ओढणारी विंचची दोरी सुटली की इंजिन नाही, उतरताना चुकलं तर पुन्हा एक फेरी नाही. मीही तिथंच शिकलो. आता फ्लोरिडात शिकवतो. आत ओढली जाणारी चाकं, फ्लॅप आणि पात्यांचा कोन बदलणारा प्रॉपेलर असलेल्या कॉम्प्लेक्स विमानाकडे वळणाऱ्यांना मी मनापासून सांगतो, ग्लायडिंग केलं असेल तर निम्मी तयारी झाली. उरलेली निम्मी मात्र वेगळी शिकावी लागते.

एकदा जुन्या पायपर ॲरोत, चांगल्या उंचीवर, मी थ्रॉटल मागे घेतला. विद्यार्थी मुरलेला ग्लायडरवाला. त्याने शांतपणे वेग उतरू दिला, शेत निवडलं. त्या ॲरोत एक सोय असते: वेग कमी आणि इंजिनाची ताकद काढलेली असली, की वैमानिक विसरला असावा असं धरून चाकं आपोआप खाली येतात. तशी ती आली. हिरव्या दिव्यांकडे लक्ष जायच्या आतच तो म्हणाला, "सर, सिंक वाढला!" खाली जाण्याचा वेग वाढल्याचं त्याला खुर्चीतूनच कळलं होतं. पण पुढे काय करायचं, ते हाताला ठाऊक नव्हतं. दोन सीटच्या मधला ओव्हरराइडचा दांडा मी उचलून धरला आणि चाकं परत आत गेली. इंजिन खरंच बंद पडलं असतं, तर तेवढ्या वेळात ते शेत हातचं गेलं असतं.

शिकाऊ ग्लायडर शांत हवेत एक किलोमीटर उंचीवरून पंचवीसेक किलोमीटर जातो. इंजिन बंद पडलेलं असं छोटं विमान चाकं आत असताना जेमतेम नऊ-दहा. चाकं बाहेर आली की त्याहून बरंच कमी. डोळ्यांना सवय पहिल्या आकड्याची असते, आणि धोका तिथंच आहे.

23 जुलै 1983 रोजी कॅनडात एअर कॅनडाचं बोइंग 767 इंधन संपून गिमलीच्या जुन्या धावपट्टीवर उतरलं. कॅप्टन रॉबर्ट पिअर्सन ग्लायडर उडवणारे होते. उंची जास्त उरली तेव्हा त्यांनी ते प्रचंड विमान साइडस्लिपमध्ये आडवं घालून उतरवलं. 69 जण वाचले. साइडस्लिप ग्लायडिंगने दिला. पण इंजिनाविना सर्वांत दूर नेणारा वेग त्यांना 220 नॉट असा अंदाजाने धरावा लागला होता. तुमच्या विमानाचा तो वेग पुस्तकात छापलेला असतो. तो पाठ करा.

मग प्रशिक्षकाबरोबर भरपूर उंचीवर जा. थ्रॉटल मागे घेऊन चाकं आत ठेवून घसरा, मिनिटाला किती फूट जातात ते लिहा. चाकं काढून पुन्हा लिहा. नंतर प्रॉपेलरचा दांडा पूर्ण मागे ओढा. पाती मोठ्या कोनावर जातात, हवेचा विरोध घटतो आणि विमान पुढे निसटल्यासारखं वाटतं. तो फरक अंगाने अनुभवला पाहिजे, वाचून पुरत नाही. दांडे हँगरमध्ये उभ्या विमानात, डोळे मिटून, हाताने शोधता यायला हवेत. ग्लायडरमध्ये स्टिक उजव्या हातात आणि एअरब्रेक डाव्या. इथं डावीकडच्या सीटवर हातांची अदलाबदल होते. तरी एक गोष्ट सोयीची आहे: एअरब्रेकसारखाच थ्रॉटलही मागे ओढला की विमान खाली येतं, पुढे ढकलला की घसरण कमी होते.

पायांनाही एक नवी सवय लावा. जोरदार इंजिनाने चढताना उजवा रडर धरून ठेवावा लागतो. ग्लायडरमध्ये हे कधी लागलेलं नसतं.

इंजिनाविना उतरायचंच झालं, तर बहुतेक वेळा शेत नक्की हातात आल्याची खात्री होईपर्यंत चाकं आत असू द्या. ती काढल्यावर, एअरब्रेक मिटावा तशी उंची वाचवायला तुमच्याकडे फारसं काही उरत नाही.